गॅलरीत डोकावतंय कोण? आत्तीच्या फोनवर बसून केलेला फोटो-स्कॅनिंगचा बंदोबस्त

मागच्या रविवारी तासगावची आत्ती आमच्याकडं सांगलीत विश्रामबागेत आली ती मोबाईल हातात धरूनच आली, चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आरं ह्ये बघ काय आलंय, गुगल आपलं फोटो बघायलंय म्हणं." फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड पडला होता, सेफ्टीकोअर नावाचं ॲप ताबडतोब काढून टाका नाहीतर तुमचे खाजगी फोटो थेट कंपनीकडं जाणार, आणि खाली नेहमीचं, पंधरा ग्रुपला पाठवा. मी म्हटलं आत्ती, तुझ्या गॅलरीत द्राक्षाची बाग आणि गुड मॉर्निंग सोडून आहे काय, बघू दे की त्यांना. तर म्हणाली, "नातवाच्या आंघोळीचं हायत. पासबुक हाय, सातबारा हाय. मामांच्या टाक्याचं फोटो हायत, मिरजेच्या डॉक्टरला पाठवल्यालं."

मग मी गप्प बसलो आणि चहा होईस्तोवर बघू म्हणून फोन हातात घेतला. चहा झाला, भडंग झालं, जेवणं झाली, चार वाजले. त्या चार-पाच तासात जे जे केलं ते क्रमानं लिहून ठेवतोय, कारण हे सगळ्यांच्याच घरी एकदा करायला पाहिजे. बहुतेकांकडं अँड्रॉइड असतो म्हणून त्यावर जास्त लिहिलंय, आयफोनवाल्यांसाठी मध्ये वेगळं आहे. फोनच्या कंपनीप्रमाणं मेनूची नावं थोडी इकडंतिकडं होतात, नाही सापडलं तर सेटिंग्जमध्ये वरती जो शोधायचा डबा असतो त्यात नाव टाका, सरळ तिथं जाता येतं.

सेटिंगला हात लावायच्या आधी

फोटो "बघायचं" काम फोन रोजच करतोय. गॅलरीत "कुत्रा" असं शोधलं की कुत्र्याचे फोटो येतात ना, किंवा एकाच माणसाचे फोटो आपोआप एका गोलात जमा होतात, किंवा बिलाच्या फोटोवर बोट दाबून धरलं की त्यातला नंबर कॉपी होतो, हे सगळं कुणीतरी फोटो वाचल्याशिवाय होतंय का? नाही होत. त्यामुळं स्कॅन होतंय की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे, स्कॅन होतंयच. विचारायचं ते हे, की बघून झाल्यावर उत्तर कुठं जातं.

आत्तीला मी मार्केट यार्डातल्या हळदीचं उदाहरण दिलं. पोत्यात सळई खुपसून नमुना काढतात, तो आपल्याच गोदामात बघितला आणि तिथंच ठेवला तर आपलं काय जात नाही. पण त्या नमुन्याची चिठ्ठी आपल्याला न सांगता परस्पर दुसऱ्याच्या दुकानात जायला लागली की विषय बदलला. आणि काही जण तर पोतंच उचलून त्यांच्या गोदामात नेतात आणि तिथं निवांत बघतात. फोटोचंही अगदी तसंच आहे, एक म्हणजे फोनमध्ये बघून फोनमध्येच राहणारं, दुसरं फोनमध्ये बघून निकाल बाहेर पाठवणारं, तिसरं आपण फोटो वर क्लाउडला, म्हणजे नेटवरच्या साठ्यात, चढवल्यावर कंपनीच्या सर्व्हरवर (त्यांच्या कॉम्प्युटरवर) होणारं, आणि चौथं ज्याला आपणच कधीतरी गडबडीत "अलाऊ" दाबून आत घेतलंय अशा भलत्याच ॲपचं. लोक भितात पहिल्याला. फटका बसतो तिसऱ्या-चौथ्यात. दुसऱ्याची भीती मात्र खरी आहे, त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये ॲपलनं जाहीर केलं की आयक्लाउडवर, म्हणजे त्यांच्या क्लाउडवर, फोटो चढण्याआधी फोनच त्याचा एक ठसा काढणार, म्हणजे अंगठ्याचा असतो तसा आकड्यांचा ठसा, फोटो लहानमोठा केला तरी साधारण तोच राहतो, आणि तो ठसा लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच माहीत असलेल्या फोटोंच्या यादीशी जुळवून बघणार. साधारण ३० फोटो जुळले तरच कंपनीचा माणूस तपासणार. ठशाची कल्पना नवीन नाही, मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्येच फोटोडीएनए नावानं ती आणली होती, पण ती सर्व्हरवर चालायची. इथं तपासणी थेट तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आली. उद्देशाला कोण नाही म्हणणार, आपल्याकडं तर २३ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं असलं साहित्य नुसतं जवळ ठेवणंसुद्धा गुन्ह्यात येऊ शकतं असं स्पष्ट केलंय. लोक ओरडले ते वेगळ्या कारणानं. यादी कोण बनवतो ते फोनवाल्याला दिसत नाही, आज यादीत हे फोटो आहेत, उद्या एखाद्या सरकारनं मोर्च्याचा झेंडा किंवा एखादं व्यंगचित्र त्यात घाला म्हणून दम दिला तर? दार एकदा भिंतीत बसवलं की किल्ली कुणाच्या हातात जाईल ते आपण ठरवत नाही. शिवाय त्याच महिन्यात लोकांनी एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन चित्रं तयार करून त्यांचा ठसा एकच येतो हे दाखवून दिलं. सप्टेंबर २०२१ मध्ये योजना पुढं ढकलली, डिसेंबर २०२२ मध्ये सोडूनच दिली. पण कल्पना मेली नाही, युरोपात मे २०२२ पासून मेसेज तपासायच्या कायद्यावरून भांडण चालूच आहे.

हे एवढं डोक्यात ठेवून आता फोन घ्या.

फॉरवर्डमधलं ते ॲप: सेफ्टीकोअर

सेटिंग्ज, ॲप्स, सगळी ॲप्स दाखवा, वर कोपऱ्यात तीन टिंबं असतात तिथं "शो सिस्टिम" दाबा, मग यादीत अँड्रॉइड सिस्टिम सेफ्टीकोअर शोधा. आत्तीच्या फोनमध्ये होतं, माझ्यात होतं, तुमच्यातही बहुतेक असेल. २०२४ च्या शेवटापासून गुगलनं अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनमध्ये ते न विचारता, आयकॉन न दाखवता टाकलं. लोकांना राग यायचं कारण हेच आहे, आणि तो राग बरोबर आहे. माझ्या घरात न विचारता कपाट आणून ठेवलं तर आत काय नसलं तरी मी विचारणारच की.

पण आत आहे काय? हे फोटो शोधत फिरणारं ॲप नव्हे, दुसऱ्या ॲपनं विचारलं तर "ह्या फोटोत नग्नता आहे का" असल्या प्रश्नाचं उत्तर फोनमध्येच काढून देणारं इंजिन आहे. आत्ता ते गुगल मेसेजेसमध्ये वापरतात, कुणी उघडानागडा फोटो पाठवला तर धूसर करून आधी विचारतं बघायचाय का. मोठ्यांसाठी ही सोय मुळात बंद असते, पालकांच्या देखरेखीखालच्या मुलांच्या अकाउंटला चालू असते. फोटो किंवा निकाल आमच्याकडं येत नाही असं गुगल म्हणतं. आपल्या भाषेत, पहिला प्रकार.

काढायचं का? काढता येतं, त्याच पानावर अनइन्स्टॉल असतं, नाहीतर डिसेबल. फोनला काही होत नाही. अपडेटबरोबर परत येऊ शकतं हे मात्र लक्षात ठेवा. मी माझ्या फोनमध्ये ठेवलंय. भाच्याच्या फोनमध्ये तर मुद्दाम ठेवलंय, तेरा वर्षाच्या पोराला अनोळखी नंबरवरून काय काय येतं ते एकदा बघितल्यावर. आत्ती म्हणाली काढ, काढलं. तिचा फोन आहे.

विमान मोडवाली चाचणी

ही मला आवडते कारण ह्याला कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद आहे ना बघा. आता फोनच्या स्वतःच्या गॅलरीत जाऊन "फूल", "गाडी", "समुद्र" असलं काहीतरी शोधा. मराठीत नाही सापडलं तर इंग्रजी शब्द टाका. फोटो आले तर समजा की ओळखून केलेली यादी फोनमध्येच बसलेली आहे. "नेट नाही" म्हणून अडलं तर शोधायचं काम बाहेरच्या सर्व्हरवर होतंय. फक्त एक, विमान मोडवर फोटो सापडले म्हणजे बाहेर काहीच जात नाही हे सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की त्या कामासाठी बाहेर जायची गरज नाही. मग ज्याला गरज नाही त्याला नेट कशाला, हा प्रश्न आपोआप सुचतो.

सॅमसंगवाल्यांना इथंच एक काम करून टाका, सेटिंग्जमध्ये गॅलक्सी एआय असेल तर आत खाली "प्रोसेस डेटा ओन्ली ऑन डिव्हाइस" असं बटण आहे. चालू केलं की फोटोतला माणूस पुसून मागचं चित्र नवीन भरणं वगैरे चालणार नाही, पण एडिट करताना फोटो सर्व्हरवर जाणं थांबतं. आत्तीच्या साध्या फोनमध्ये हे नव्हतंच.

गुगल फोटोज, इथं खरा वेळ द्या

आत्तीला वाटायचं गॅलरी म्हणजे फोन आणि गुगल फोटोज म्हणजे पण फोनच. अर्ध्या सांगलीला तसंच वाटतं. दुकानातून नवीन फोन घेताना तिथला पोरगा पटापट "नेक्स्ट, नेक्स्ट, ॲग्री" करून देतो, त्यातच बॅकअप (फोटोंची कॉपी आपोआप गुगलकडं चढवणं) चालू झालेला असतो, आणि मग २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाला लागलेल्या पाण्याचा फोटो, पंचनाम्याला काढलेले भिंतीचे फोटो, सगळं वर जाऊन बसलेलं असतं. आता ह्यात फायदा नाही असं मी म्हणणार नाही. त्याच महापुरात फोन पाण्यात गेले आणि ज्यांचं बॅकअप होतं त्यांचेच लग्नाचे फोटो वाचले. म्हणून सरसकट बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, निवडून करा.

गुगल फोटोज उघडा, वर उजवीकडं स्वतःच्या फोटोचा गोल दाबा, फोटोज सेटिंग्ज, बॅकअप. इथं कुठल्या ईमेलवर चाललंय ते आधी वाचा. आत्तीचं बॅकअप तिच्या थोरल्या जावयाच्या अकाउंटवर चाललं होतं, तीन वर्षं, कारण फोन त्यानं चालू करून दिला होता. दोघांनाही पत्ता नाही. जावई भला माणूस आहे हो, पण सासूबाईंच्या गुडघ्याचे फोटो त्याच्या फोनवर "आठवणी" म्हणून उगवत असणार.

अकाउंट नीट केलं की त्याच पानावर "बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स" असतं. आत प्रत्येक फोल्डरला वेगळं बटण आहे. कॅमेरा चालू राहू द्या, व्हॉट्सॲप इमेजेस बंद करा, स्क्रीनशॉट्स बंद करा. स्क्रीनशॉटमध्ये आपण काय साठवतो ते आठवा, पेमेंटच्या पावत्या, खाते नंबर, कुणाचं भांडण कुणाला दाखवायला काढलेले चॅट. ते क्लाउडवर चढवून काय करणार आहात? शिवाय फुकटची जागा १५ जीबीच आहे, ती गुड मॉर्निंगनं भरायची आणि मग "स्टोरेज फुल" म्हणून रडायचं.

मग मागं येऊन प्रेफरन्सेसमध्ये "ग्रुप सिमिलर फेसेस". हे बंद केलं की चेहऱ्यांचे गट, त्यासाठी तयार केलेले चेहऱ्यांचे साचे आणि तुम्ही टाकलेली नावं अकाउंटमधून पुसली जातात. परत चालू केलं तर पहिल्यापासून नावं द्यायला लागतात. आत्तीला नातवाचे फोटो एका जागी बघायला आवडतात म्हणून तिनं चालू ठेवलं, पण समजून ठेवलं, ही गोष्ट वेगळी. तिथंच जवळ पार्टनर शेअरिंग, म्हणजे आपले फोटो आपोआप दुसऱ्या कुणाला दिसायची सोय, ती पण बघा, जुन्या कुणाशी चालू राहिलेलं असतं.

आणि वर आधीच गेलेलं नको असेल तर ॲप काढून उपयोग नाही, फोटो सर्व्हरवर तसेच राहतात. अकाउंटमधूनच डिलीट करायचे आणि मग ट्रॅश रिकामा करायचा, नाहीतर बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस पडून असतो. डिलीट करण्याआधी बघा की फोनमध्ये ठेवायची कॉपी वेगळी केलीय का, कारण गुगल फोटोजमधून पुसलं की फोनमधलंही जातं. ही चूक मी स्वतः केलीय, जास्त बोलत नाही.

नातवाचे आंघोळीचे आणि डॉक्टरला पाठवायचे फोटो

ह्याच्यासाठीच मी हा सगळा खटाटोप केला. फेब्रुवारी २०२१ ची अमेरिकेतली गोष्ट आहे, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका बापानं आपल्या लहान मुलाच्या गुप्तांगाला सूज आली म्हणून डॉक्टरला दाखवायला फोटो काढला, फोटो आपोआप गुगलवर चढला, तिथल्या स्कॅननं तो शोषणाचा फोटो समजून संशयाची खूण केली. अकाउंट बंद, ईमेल गेलं, फोटो गेले, नंबर गेला, पोलीस चौकशी झाली. पोलिसांनी काही गुन्हा नाही म्हणून फाइल बंद केली तरी कंपनीनं अकाउंट परत दिलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हे छापलं. ठसा जुळवणारी पद्धत फक्त आधी माहीत असलेले फोटो पकडते, पण इथं नवीन फोटोवर मशीननं अंदाज बांधला, आणि मशीनला बाप आणि डॉक्टर कळत नाही.

आपल्याकडं आज्जी-आत्या लोक नागड्या बाळाचा फोटो किती सहज काढतात, काढून वर ग्रुपवर टाकतात. आत्तीला मी एवढंच सांगितलं की काढच म्हणत असशील तर कमरेच्या वरचा काढ. आधीचे होते ते तिच्यासमोर बसून अकाउंटमधून काढले, तिनं प्रत्येकाला "ह्यो ऱ्हाऊ दे की रं" म्हटलं, तरी काढले.

डॉक्टरनं फोटो मागितला, विशेषतः लहान मुलाच्या अंगावरच्या पुरळाचा वगैरे, तर शक्य असेल तर मिरजेला जाऊन दाखवून या, सांगलीतून किती लांब आहे. नाहीच जमलं तर कॅमेऱ्यातून न काढता व्हॉट्सॲपच्या आतल्या कॅमेऱ्यातून काढा आणि पाठवताना तो छोटा "१" दाबा, व्ह्यू वन्स, म्हणजे समोरच्याच्या गॅलरीत उतरत नाही. डॉक्टरच्या फोनचं बॅकअप कुणाच्या अकाउंटवर चाललंय ते आपल्याला काय माहीत. मामांच्या टाक्यांचे फोटो मात्र फाइलला लागणार होते म्हणून ते गुगल फोटोजच्याच लॉक्ड फोल्डरमध्ये हलवले. कलेक्शन्समध्ये असतं, फोटो निवडून "मूव्ह टू लॉक्ड फोल्डर". त्या फोल्डरचं बॅकअप वेगळं असतं, ते चालू करू नका आणि फोन गेला तर ते फोटो गेले हे पण लक्षात ठेवा.

व्हॉट्सॲपमध्ये अजून दोन गोष्टी. सेटिंग्ज, चॅट्स, मीडिया व्हिजिबिलिटी बंद, म्हणजे ग्रुपवरचा येईल तो कचरा गॅलरीत उतरायचा थांबतो. आणि चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड टू एंड एनक्रिप्टेड बॅकअप चालू, कारण मेसेज जाताना कुलपात जातात पण बॅकअपला हे कुलूप आपण स्वतः लावावं लागतं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, विसरलात तर कुणीच उघडून देऊ शकत नाही.

आयफोनवाल्यांनो

तुमच्यात फोटोजची ओळख बरीचशी फोनमध्येच होते हे खरंय. पण आयओएस १८ पासून "एनहान्स्ड व्हिज्युअल सर्च" नावाचं एक बटण आलं, आणि ते आधीच चालू करून आलं. फोटोत एखादी प्रसिद्ध जागा असेल, समजा ताजमहाल, तर तेवढ्या भागाचा आकड्यात काढलेला सार कुलूपबंद करून ॲपलच्या सर्व्हरला जातो आणि तिथं न उघडताच जुळवला जातो. न उघडता कसं जुळवतात तर गणित तसं आहे, डबा न उघडता आतल्या मालाची बेरीज करता येते असं समजा. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर फोन ओळखायचा नंबर, तोसुद्धा मध्ये लपवला जातो. काम चोख आहे, मान्य, पण न विचारता केलं, आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर लोकांच्या लक्षात आलं. सेटिंग्ज, ॲप्स, फोटोज, एकदम खाली जा, बंद करा. मला तरी गेटवे ऑफ इंडियाचं नाव सांगायला सर्व्हर लागत नाही.

त्याहून मोठं काम म्हणजे ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन. साध्या आयक्लाउडची किल्ली कंपनीकडंही असते, हे चालू केलं की फोटोंची किल्ली फक्त तुमच्याच उपकरणांत राहते. सेटिंग्जमध्ये वर स्वतःचं नाव, आयक्लाउड, तिथं सापडेल. रिकव्हरी किल्ली किंवा विश्वासातला माणूस आधी ठरवायला लागतो. ही सोय किती पक्की आहे ह्याचा अंदाज ह्यावरून घ्या की ब्रिटन सरकारनं दबाव आणल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं तिथल्या लोकांसाठी ती काढूनच घेतली. म्हणजे दाराला कुलूप चांगलं आहे, पण घरमालक दुसराच आहे.

बाकीच्या ॲप्सची झडती

हा चौथा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच. सेटिंग्ज, सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, फोटोज अँड व्हिडिओज. आत्तीच्या फोनमध्ये परवानगी असलेली सव्वीस ॲप निघाली. टॉर्चचं ॲप, हवामानाचं ॲप, एक पंचांग, दोन लोनची ॲप आणि एक गेम जो नातवानं टाकला होता. पंचांगाला फोटो कशाला लागतात? आत्ती म्हणाली, "देवाचं फोटो बघत आसंल." 

एकेक ॲप उघडायचं आणि "डोन्ट अलाऊ". ज्याला खरंच लागतं त्याला अँड्रॉइड १४ पासून निवडक फोटोंचीच परवानगी देता येते, आयफोनमध्ये तेच "लिमिटेड ॲक्सेस". लग्नाच्या बायोडाटाच्या ॲपला एक फोटो पाहिजे, त्याला एकच द्या, अख्खी गॅलरी नको. मग एक लपलेली जागा आहे ती विसरू नका, ॲप्समध्ये "स्पेशल ॲप ॲक्सेस" आणि त्यात "ऑल फाइल्स ॲक्सेस". क्लीनर, फोटो रिकव्हरी, फाइल मॅनेजर असली मंडळी तिथं बसलेली असतात आणि वरची परवानगी बंद केली तरी इथून सगळं बघतात. फोनचा स्वतःचा फाइल मॅनेजर सोडून मी सगळे हाकलले.

लोन ॲपवरून एक सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका पोरानं खताच्या उधारीसाठी असल्याच एका ॲपवरून थोडे पैसे उचलले, हप्ता चार दिवस चुकला तर त्याच्या गॅलरीतले बहिणीचे फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ च्या नियमांतच सांगितलंय की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉगला हात लावायचा नाही, केवायसीपुरता कॅमेरा वगैरे एकदाच, तोही विचारून. गुगलनंही ३१ मे २०२३ पासून पर्सनल लोन ॲप्सना फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायला बंदी घातली. म्हणजे जे लोन ॲप गॅलरी मागतंय ते तिथंच नियम मोडतंय, पुढं वाचायचं कारणच नाही, काढा. धमकी आली तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. त्या पोरानं चार दिवस लाजेपायी कुणाला सांगितलं नाही, ते चार दिवस वाईट गेले.

फेसबुक वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये "कॅमेरा रोल" असा शब्द टाकून बघा. अजून पोस्ट न केलेले फोटो क्लाउडवर नेऊन त्याचे कोलाज सुचवायची परवानगी २०२५ मध्ये अमेरिका-कॅनडात मागायला सुरुवात झालीय. तुमच्यात बटण दिसलं तर बंद ठेवा.

आधार, पासबुक, सातबारा

फोटोतलं अक्षर वाचायची सोय किती चांगली, पण चोरालाही तीच वापरता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की ह्या सायबर सुरक्षा कंपनीनं स्पार्ककॅट नावाचा चोर प्रोग्राम उघडा पाडला, गुगल प्ले आणि ॲपलच्या स्टोअरवरच्या ॲप्समध्ये लपलेला, गुगल प्लेवरून तसली ॲप २ लाख ४२ हजारांहून जास्त वेळा उतरवली गेली होती. तो गॅलरीची परवानगी मागायचा, फोटोतली अक्षरं फोनमध्येच वाचायचा, आणि क्रिप्टोच्या पाकिटाचे गुप्त शब्द लिहिलेले फोटो तेवढे वेचून बाहेर पाठवायचा. आपल्याकडं क्रिप्टो नसेल, पण एटीएमच्या पिनचा कागद फोटो काढून ठेवलेला माणूस मी घरात दाखवतो. मामा.

तर आधारचा फोटो गॅलरीत ठेवू नका, सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये ठेवा, किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवा, पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि लॉजला, बुकिंगला द्यायला ते चालतं. पासबुकाचं पहिलं पान लागलं की काढा, दिलं की डिलीट. सातबारा ऑनलाइन कधीही निघतो. आत्तीच्या गॅलरीत शोधायच्या डब्यात मी "आधार" आणि "बँक" टाकलं आणि जे काय बाहेर पडलं ते तिलाच दाखवलं, एकोणीस फोटो, त्यात शेजारणीचं पॅनकार्ड पण होतं. ही युक्ती तुम्ही पण करा, जे तुम्हाला एका सेकंदात सापडतं ते ॲपलाही सापडतं.

फोन रिपेरीला टाकताना

एवढं सगळं करून डिस्प्ले फुटला की आपण फोन आणि पॅटर्न दोन्ही दुकानात देऊन येतो, "संध्याकाळी या" म्हणतात. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, सेटिंग्ज, डिव्हाइस केअर, चालू केला की फोन रिकाम्या नवीन फोनसारखा दिसतो, दुरुस्ती होते पण फोटो दिसत नाहीत, घरी येऊन आपल्या पिननं बंद करायचा. गुगलच्या पिक्सेलमध्ये त्याला रिपेअर मोड म्हणतात. तुमच्यात नसेल तर पॅटर्न देऊ नका, काच बदलायला पॅटर्न लागत नाही, आणि टच चालतोय का ते आपण स्वतः समोर उभं राहून उघडून दाखवायचं.

हे सगळं एकदा करून भागत नाही, मोठं अपडेट आलं की सेफ्टीकोअर परत आलंय का, फोटोंच्या परवानगीत नवीन कोण घुसलंय आणि बॅकअपचे फोल्डर तसेच आहेत का, एवढं बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे. आत्तीनं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, बागेच्या औषध फवारणीच्या तारखांखाली. निघताना म्हणाली मामांचा फोन पुढच्या रविवारी घेऊन येते, आणि तो पिनचा कागद मी बघितला हे त्यांना सांगू नको.